रूळ विकत घेऊ, स्टेशन आपण बांधू

‘मॉडेल रेल्वे’ म्हटले की दोन शेरे हमखास ऐकू येतात. पहिला, हे श्रीमंतांच्या मुलांचे खेळणे. दुसरा, ते उमरखेडात मिळणार कुठे? ज्या गावाला अजून खरी रेल्वे नाही, तिथे छोट्या रेल्वेची उठाठेव कशाला, असेही कोणी विचारील. माझे म्हणणे नेमके उलट आहे. ज्यांना रेल्वे रोज दिसत नाही, त्यांनाच तिच्या प्रतिकृतीची अधिक गरज आहे. म्हणून आपल्या महाविद्यालयाच्या इतिहास व भूगोल विभागांनी मिळून एक छोटी रेल्वे उभारावी, असे मी सुचवितो.

खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक आहे तो प्रमाणाचा. ‘एच-ओ’ या प्रचलित प्रकारात सर्व वस्तू १:८७ प्रमाणात असतात व रुळांतील अंतर १६.५ मि.मी. असते. हे माप परदेशातील १४३५ मि.मी. मार्गावरून काढलेले. आपले ब्रॉडगेज १६७६ मि.मी.चे, त्याला ८७ ने भागल्यास १९ मि.मी.हून अधिक येते. म्हणजे दुकानातला रूळ आपल्या मोठ्या गाडीला बरोबर बसत नाही. पण आपल्याच जिल्ह्यातील शकुंतलेचा विचार करा! यवतमाळ–मूर्तिजापूर मार्ग ७६२ मि.मी.चा. ८७ ने भागा, पावणेनऊ येते. आणि ‘एन’ गेजचा ९ मि.मी.चा रूळ तर बाजारात तयार मिळतो. मुंबई-दिल्लीची गाडी जिथे अडते, तिथे वऱ्हाडची गाडी चालते!

तेव्हा विकत काय घ्यावे? फक्त तीन गोष्टी : रूळ, सांधे आणि मोटर असलेला इंजिनाचा सांगाडा. इंग्लंडची पेको कंपनी रूळ सुमारे ९१४ मि.मी.च्या लांबीत विकते. आठ बाय चार फुटी प्लायवूडवर एक फेरा घालायला अशा सात लांब्या पुरतात. जपानच्या काटोसारख्या कंपन्यांची ‘एन’ गेजची इंजिने १२ व्होल्टवर चालतात. हा माल महाग आहे. तो मोठ्या शहरांतील मोजक्या विक्रेत्यांकडून किंवा टपालाने मागवावा लागेल. त्याआधी एक सहल पुण्याला न्यावी. कोथरूडला भाऊ जोशी यांच्या परिश्रमातून उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. एका माणसाच्या छंदातून काय उभे राहू शकते, हे तिथे डोळ्यांनी पाहता येते.

बाकी सारे आपण करू. इंजिनाचे अंग पत्र्याचे, वाघिणी पुठ्ठ्याच्या, खडी म्हणून पैनगंगेची चाळलेली वाळू, आणि वाघिणींत कापसाच्या गाठी! शकुंतला धावली ती कापसासाठीच. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले. आता त्या मार्गावर गाडी धावत नाही. ज्या कापसावर हा मार्ग जगला, तो वेचणाऱ्यांच्या घरांतून आपल्यापैकी कितीतरी जण आले आहेत. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. पांढरे सोने कोणत्या वाटेने, कोणाच्या फायद्यासाठी गेले, हे नुसते वाचण्यापेक्षा हाताने जुळवून पाहिले तर मनात ठसते.

‘आधी ग्रंथालयाला पुस्तके घ्या’ हा आक्षेप मला मान्य आहे. पुस्तकांचा पैसा याला लावू नये. स्नेहसंमेलनाच्या मंडपातील रोषणाई एक वर्ष कमी केली तरी सुरुवात होईल.

वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा–कळंब हा तुकडा २०२४ साली सुरू झाला. पुढे हा मार्ग उमरखेडहून जायचा आहे. मित्रहो, ती गाडी येईल तेव्हा आपण केवळ तिकीट काढणारे असणार, की चढ, वळण, सांधा, सिग्नल यांचा अर्थ जाणणारे? विद्यार्थी परिषदेने यावर जरूर विचार करावा.