‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणण्याआधी

दसरा आला की आपल्या हिंगोलीचं रामलीला मैदान फुलून जातं. पाळणे, भजी, सेल्फी, सगळं आलं. पण पोटावर पिशवी लावून जगणाऱ्या माणसानं या गर्दीत यायचं ठरवलं, तर?

आतड्याचा किंवा मूत्राशयाचा कॅन्सर, आतड्याचा जुनाट आजार, कधी अपघात. अशा वेळी सर्जन पोटावर एक छोटी वाट तयार करतात. शौच किंवा लघवी तिथून बाहेर येऊन चिकटवलेल्या पिशवीत जमा होते. हीच ऑस्टोमी. काहींची ती नंतर बंद करता येते, काहींना आयुष्यभर सोबत असते.

भेटायला गेल्यावर आपण काय म्हणतो? ‘काका, टेन्शन घेऊ नका, पॉझिटिव्ह राहा!’ आपलं काय जातं बोलायला! काकांच्या डोक्यात मात्र भलतंच चालू असतं. पिशवी गळली तर? वास आला तर? बसस्टँडवर पाणी असलेलं, कडी लागणारं टॉयलेट सापडेल का?

डेन्मार्कमधल्या थोरा नावाच्या बाईंचीही हीच गत होती. ऑपरेशननंतर गळतीच्या भीतीनं त्या घराबाहेर पडेनात. त्यांची बहीण एलिसे सोरेनसन नर्स होती. १९५४ मध्ये तिला चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी पिशवी सुचली. आजच्या पिशव्या त्याच कल्पनेतून आल्यात. म्हणजे बघा, आनंदाकडे जाणारा रस्ता कधी कधी चांगल्या पिशवीवरूनही जातो.

पिशवी नीट बसली की बरंच काही जमतं. नोकरी, लग्न, प्रवास, डॉक्टरांच्या सल्ल्यानं पोहणंसुद्धा. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनालाही खुशाल जावं. सगळ्यांच्याच पोटात असतं तेच इथं पिशवीत आहे, त्यात विटाळ कसला? काळजी घ्यावी लागते ती वेगळी. पिशवी अर्धी भरायच्या आत रिकामी करायची. नव्या पिशव्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली ठेवायच्या नाहीत. हळदीचं पोतं उचलायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, कारण हर्नियाचा धोका असतो.

बाकीचं काम पेशंटचं नाही, आपलं आहे. मुंबईतल्या ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियामध्ये स्वतः पिशवी लावून जगणारी माणसं नव्या पेशंटला धीर देतात. पण हिंगोलीहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. रेल्वे ऑस्टोमीच्या पेशंटना मासिक आणि त्रैमासिक पासात सवलत देते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र २१ प्रकारांची यादी आहे, तिच्यात ऑस्टोमीचं नाव नाही. कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर जिल्हा रुग्णालयात ही काळजी शिकवणारी एक प्रशिक्षित नर्स, रास्त दरात पिशव्या, बसस्टँडवर आणि दसरा मैदानावर पाणी आणि कचऱ्याचा डबा असलेलं स्वच्छ टॉयलेट, एवढं तरी आपण मागू शकतो ना?

ऑक्टोबरचा पहिला शनिवार जागतिक ऑस्टोमी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी स्टेटस ठेवाच. पण पुढच्या वेळी अशा कुणाकडे गेलात, तर उपदेश जरा बाजूला ठेवा आणि विचारा, ‘काका, पिशव्या आहेत ना? उद्या नांदेडला चाललोय, आणू का?’