फोन हिसकावण्याआधी ऐकून घ्या

मार्च 2025 मध्ये ग्वाल्हेरच्या रामकृष्ण मिशन आश्रमाच्या सचिवांना एक फोन आला. बोलणाऱ्याने आपण नाशिक पोलिसांतले अधिकारी असल्याचं सांगितलं आणि मनी लाँडरिंगच्या प्रकरणात अडकवण्याचा धाक घातला. 26 दिवस ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये, म्हणजे फोनवरच्या खोट्या अटकेत, राहिलेल्या या संन्यासी सचिवांकडून 2 कोटी 52 लाख रुपये उकळले गेले. त्याच्या काही महिने आधी जवळच्याच टेकनपूरमध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका निरीक्षकाला याच रीतीने सुमारे 70 लाखांना गंडा घातला होता.

भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकारच नाही. मग शिकलेली, जबाबदारीच्या पदावरची माणसं फसतात कशी? भामट्यांची पहिली अट असते, कुणाला काही सांगायचं नाही. माणूस एकटा पडला की त्याला पैसे भरायला लावणं सोपं जातं.

ग्वाल्हेरच्या इंदरगंज चौकातून, महाराज बाड्यावरून रोज शाळेत जाणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना ही अट आणखी सहज लागू पडते. सीबीएसईने 2020 मध्ये माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी सायबर सुरक्षेची पुस्तिका काढली. पासवर्ड कसा असावा, ओटीपी का देऊ नये, हे आज बहुतेक मुलांना तोंडपाठ आहे. पण अनोळखी प्रोफाइलवर फोटो पाठवून बसलेला, आता धमक्यांचे मेसेज झेलणारा मुलगा घरी तोंड उघडत नाही. फोन काढून घेतील, मारतील, शाळेत कळेल, ही भीती त्याला धमकीपेक्षा मोठी वाटते. ब्लॅकमेल करणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

पैशाचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2025 च्या परिपत्रकानुसार दहा वर्षांवरील मुलांना बँकेच्या अटींत राहून स्वतःचं बचत खातं चालवता येतं. चांगलीच सोय आहे. मात्र ‘दोन दिवस तुझं खातं वापरू दे, कमिशन देतो’ म्हणणारा दादा कुणाच्या लुटीचा पैसा त्यातून फिरवतोय, हे मुलाला कोण सांगणार? आश्रमाचे पैसेही अशाच परक्या खात्यांत गेले होते. त्यामुळे पुस्तिकेतल्या ओटीपीच्या धड्याइतकाच खातं न देण्याचा आणि मोठ्यांना सांगण्याचा धडाही वर्गात व्हायला हवा, तोही शहरातल्या खऱ्या घटना घेऊन. एकाने खोटा पोलिस व्हावं, दुसऱ्याने फोन ठेवून मोठ्यांना हाक मारावी. असा सराव एका तासात होतो.

खरी तयारी मोठ्यांची हवी. चूक सांगायला आलेल्या मुलावर त्या दिवशी कारवाई होणार नाही, असं शाळेने लेखी जाहीर करावं. पालकसभेत आई-बाबांनी आणि शहराच्या लश्कर भागातल्या जुन्या वाड्यांत नातवंडांसोबत राहणाऱ्या आजी-आजोबांनीही 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक फोनमध्ये साठवावा. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांतच तक्रार झाली, तर रक्कम पुढे सरकण्याआधी बँकेत रोखता येऊ शकते. मूल रात्रभर घाबरून गप्प बसलं, तर ते तास निघून जातात.