फिट येते, हे साहेबांना सांगायचं का?

नोकरी लागली आहे आणि डब्याच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी आहे. शेवटची फिट येऊन वर्ष झालं, तरी 'कळलं तर काढून टाकतील' ही धास्ती रोज सोबत कामावर येते. अशा सगळ्यांना मला कळकळीनं काही सांगायचं आहे.

आधी आपलं काम बघा. प्रेस मशीन, भट्टी, उंचावरचं काम किंवा वाहन चालवणं असेल, तर सांगाच, आणि काम सुरू करण्याआधी सांगा. वाहन परवान्याच्या अर्जात तर फिटबद्दल सरळ प्रश्नच असतो. काम टेबलावरचं असेल, तर मुलाखतीत आपणहून विषय काढायची गरज नाही. मात्र वैद्यकीय फॉर्मवर विचारलं असेल, तर खोटं लिहू नका. पुढे तोच कागद तुमच्यावर उलटतो.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे, हेही माहीत असू द्या. एचआयव्हीबाबत 2017 च्या कायद्यानं गुप्ततेचं संरक्षण दिलं, तसं फिटबाबत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया आहेत, पण त्या 21 प्रकारांत फिटचं नाव नाही. म्हणून माणूस बघून बोला.

बोलाल तेव्हा आजाराची सगळी कहाणी नको. जागरणानं फिट येऊ शकते, म्हणून रात्रपाळी नको, एवढंच मागायचं असेल तर तेवढंच मागा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

साहेबांना सांगा किंवा नका सांगू, पण शेजारी बसणाऱ्या एका भरवशाच्या माणसाला नक्की सांगा. नाहीतर ऐन वेळी कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं, कुणी दातांत चमचा घालतं. या चमच्यानं दात तुटतात. त्याला शिकवून ठेवा: हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करायच्या, झटके ओसरले की कुशीवर वळवायचं, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, तर 108 ला फोन. घरच्यांचा नंबरही त्याच्याकडे असू द्या. उद्या जेवणाच्या सुट्टीतच हे बोलून घ्या.