‘सुचत नाही’ की ‘धजत नाही’?

‘लिहायचे पुष्कळ आहे हो, पण सुचत नाही,’ ही तक्रार आपल्या समाजात फार प्रतिष्ठित होऊन बसली आहे. गवंडी अर्धी भिंत टाकून स्फूर्तीची वाट पाहत नाही; लावणीच्या दिवशी शेतकरी ‘आज मन लागत नाही’ म्हणून बांधावर बसून राहत नाही. लेखकाला मात्र ही सवलत आहे. प्रतिभा ही देवाची देणगी, ती यायची तेव्हाच येणार, असे एकदा म्हटले की कोरा कागदही सोज्ज्वळ दिसू लागतो. आम्हाला ही सवलत मान्य नाही.

खरे मौन असते, हे आम्ही जाणतो. ६ डिसेंबर १२७३ रोजी मिस्सेनंतर संत थॉमस अक्वायनस यांनी लेखणी खाली ठेवली. त्या दिवशी त्यांना जे उमगले त्यापुढे आजवरचे सारे लेखन त्यांना गवताच्या काडीसारखे वाटले, आणि त्यांचा महाग्रंथ अपुराच राहिला. दुःखाने वा आजाराने ज्यांची लेखणी थांबली त्यांच्यापुढेही आम्ही नम्र आहोत. परंतु संत थॉमस थांबले ते ग्रंथांची रास रचून. आपण थांबतो ते पहिल्या परिच्छेदाच्या अलीकडे! या दोन्हींना एकच नाव देणे बरे नव्हे.

मग आपले अडते कोठे? वसईच्या कादोडी बोलणाऱ्या घरातला तरुण आजीची गोष्ट तासभर रंगवून सांगतो. तोच लिहायला बसला की शाळेतले मास्तर त्याच्या खांद्यावरून डोकावू लागतात. हा शब्द शुद्ध आहे का? गावात कोणी स्वतःला ओळखील का? फादर काय म्हणतील? पहिले वाक्य उतरण्याआधीच त्याने परीक्षक मंडळ नेमलेले असते. त्याला सुचते सारे. मन तेवढे धजत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांना लिहिणे-वाचणे आले ते लग्नानंतर. मुलाने, देवदत्ताने, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून मागितल्या आणि बाई जशा बोलत तशाच लिहू लागल्या. त्यातून उभी राहिलेली ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत आज तिची गणना होते. पंडिती भाषेची वाट पाहत त्या बसल्या असत्या तर?

कोणी म्हणेल, ‘मागणीवरून लिहिलेले निर्जीव असते.’ जेझुइट कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांचे उदाहरण पाहावे. १८६८ साली संघात प्रवेश करताना त्यांनी आपल्या कविता जाळल्या आणि सात वर्षे काव्यलेखन जवळजवळ सोडून दिले. ते मौन त्यांनी स्वेच्छेने पत्करले होते, हे खरे. पण ते सुटले कसे? डिसेंबर १८७५ मध्ये ‘डॉइचलँड’ जहाज फुटून जर्मनीतून निर्वासित झालेल्या पाच फ्रान्सिस्कन धर्मभगिनी बुडाल्या. ‘यावर कोणीतरी कविता लिहावी,’ अशी इच्छा त्यांच्या वरिष्ठांनी बोलून दाखवली. तेवढ्या शब्दावर जी दीर्घ कविता जन्मली ती छापायला त्यांच्याच संघाचे मासिक धजले नाही; ती उजेडात आली १९१८ साली, कवीच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी. आज इंग्रजी काव्यात तिचे स्थान अढळ आहे. मागणीने तिचा जीव घेतला, असे कोण म्हणेल?

म्हणून आमचे म्हणणे असे, की लेखकाने आरशाकडे पाठ करून एका माणसाकडे तोंड करावे. दुबईतल्या भाच्याला, आजारी मावशीला पत्र लिहितो तसे लिहावे. आधी घरच्या बोलीत लिहावे, प्रमाण मराठी नंतर पाहता येते. रोज ठरल्या वेळी बसावे. पहिला खर्डा वाईटच असतो. तो फाडता येतो, कोरा कागद सुधारता येत नाही.

आणि दोष एकट्या लेखकाचाही नाही. धर्मग्रामाच्या सणाला आपण मंडप मागतो, बँड मागतो, वर्गणी मागतो. लेख कोणाकडे मागतो? बावखल बुजण्यापूर्वी त्याच्या काठी काय घडत असे, लग्नातली गाणी कोणत्या क्रमाने गात, हे सांगणारी माणसे दर वर्षी मातीआड जात आहेत. त्यांच्या दफनविधीला आपण सारे हजर असतो. वही घेऊन त्यांच्या ओटीवर मात्र आधी कोणी गेलेले नसते.

मृत्यू कोणाच्या स्फूर्तीसाठी थांबत नाही. आजच कोणाकडे तरी लेख मागा. तुमच्याकडे कोणी मागितला तर ‘सुचत नाही’ म्हणू नका.