गणित सोडले, तेथेच वाट अडली

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावात एखादी मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. होते, तेव्हा पेढे वाटून होण्यापूर्वीच प्रश्न उभा राहतो, आता पुढे काय? अभियंत्याला, शिक्षकाला व्यवहारात नाव आहे. भौतिकशास्त्राच्या पदवीधराला ते नाही. मग बँकेच्या परीक्षा, पोलीस भरती, नाहीतर बी.एड. ही ठरलेली वाट.

व्यथा जुनीच आहे. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ मध्ये सरकारच्या वित्त खात्यात हिशेब तपासण्याच्या नोकरीवर रुजू झाले, कारण विज्ञान शिकलेल्याला तेव्हा देशात फारशी जागाच नव्हती. काही काळ ते याच खात्यात नागपुरातही होते. ती नोकरी त्यांनी सोडली १९१७ मध्ये.

आज जागा आहेत, पण त्यांची वार्ता गावापर्यंत पोहोचत नाही. बिरसी विमानतळावरून २०२२ मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू झाली, त्याचे कौतुक जिल्हाभर झाले. विमानांना मार्ग दाखविणारा हवाई वाहतूक नियंत्रक होण्यास भौतिकशास्त्र व गणित असलेली बी.एस्सी. चालते, हे मात्र किती पालकांना ठाऊक आहे? वयोमर्यादा, सवलती वगळता, २७ वर्षे. भाभा अणुसंशोधन केंद्र विज्ञान पदवीधरांना विद्यावेतन देऊन दोन वर्षे प्रशिक्षण देते. तेथे ६० टक्के गुण लागतात आणि भौतिकशास्त्राच्या जोडीला रसायन व गणितही पाहिले जाते.

खरी मेख येथेच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही प्रमुख आणि दुय्यम विषयांची रचना आली. मोकळीक चांगली, परंतु गुण सहज मिळावेत म्हणून गणित टाळणारा विद्यार्थी यांपैकी काही दारे प्रवेशाच्या आठवड्यातच स्वतःच्या हाताने बंद करतो. त्याला ते कळते तीन वर्षांनी, जाहिरात वाचताना.

अर्थात या जागा थोड्या आणि अर्ज अफाट. सर्वांना त्या मिळणार नाहीत, हे पालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांना आवड आहे त्यांनी एम.एस्सी.साठी आयआयटींची ‘जॅम’ परीक्षा द्यावी, तयारी दुसऱ्या वर्षापासून करावी. उरलेल्यांचे भवितव्य प्रयोगशाळेत ठरते, आणि तेथे आपण फार ढिलाई केली आहे. मित्राचे जर्नल उतरवून प्रात्यक्षिक ‘पूर्ण’ करणारा पदवीधर मल्टिमीटर हाती घ्यायला कचरतो. गोंदिया ही तांदूळ गिरण्यांची नगरी. दाण्याचा रंग पाहून खडा व काळा तांदूळ वेगळा काढणारी सॉर्टेक्स यंत्रे प्रकाश आणि संवेदक यांवरच चालतात. त्यांची देखभाल करणारा तरुण फुलचूरचा का असू नये?

महाविद्यालयांनी निदान एक करावे. कोणत्या पदाला कोणते विषय, किती टक्के, किती वय, याचा तक्ता प्रवेशाच्या खिडकीशेजारी लावावा. आणि तो वाचल्याशिवाय पालकांनी अर्जावर सही करू नये.