पिल्लाला रडू द्यावे

लहान मुलांसाठी म्हणून घरात लावलेल्या चित्रपटात एखादे पात्र मरणाच्या वाटेवर दिसू लागले, की मोठ्या माणसांचा हात नकळत रिमोटकडे जातो. मूल मात्र पडद्यावरून नजर हलवीत नाही; त्याला पुढे काय झाले ते पाहायचे असते. १९८८ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘द लँड बिफोर टाइम’ हा डायनोसॉरच्या पिल्लांचा अ‍ॅनिमेशनपट पाहताना असा हात हमखास पुढे सरकतो. तो मागे घेतला जावा, इतके मोल या चित्रपटास निश्चितच आहे.

कथा साधी आहे. दुष्काळाने करपलेल्या भूमीतून पाला खाणारे डायनोसॉर पश्चिमेकडील एका हिरव्या खोऱ्याच्या शोधात निघाले आहेत. लांब मानेच्या जातीचे लिटलफूट हे पिल्लू आई आणि आजी-आजोबा यांच्यासमवेत चालले आहे. शार्पटूथ नामक हिंस्र डायनोसॉर पिल्लांवर चाल करून येतो, आई त्याच्याशी झुंजते, त्याच वेळी भूकंपाने धरणी दुभंगते. घायाळ आई भर पावसात पिल्लाच्या डोळ्यांदेखत प्राण सोडते. पुढे लिटलफूटला इतर जातींची चार पिल्ले भेटतात. परजातीशी खेळू नये, ही शिकवण घेऊन वाढलेली ही मुले एकत्र चालू लागतात आणि अखेर खोऱ्यात पोहोचतात. प्रवासाचा हा भाग रंजक आहे, हसविणाराही आहे. पण चित्रपटाचे खरे सामर्थ्य मृत्यू आणि मैत्री यांमधल्या थोड्याशा अवकाशात सामावले आहे.

१९४२ च्या ‘बॅम्बी’तही हरणाच्या पाडसाची आई मरते. तेथे केवळ बंदुकीचा आवाज ऐकू येतो आणि थोड्याच वेळात पडद्यावर वसंत ऋतू अवतरतो. ‘लँड बिफोर टाइम’ एवढी घाई करीत नाही. लिटलफूट आईवर रागावतो, तिला कळायला हवे होते म्हणतो, मग तोच दोष स्वतःकडे घेतो. वाटेत भेटलेला रूटर हा वृद्ध डायनोसॉर त्याला सांगतो, की यात दोष कोणाचाच नाही. पिल्लाला खाण्याची इच्छा उरत नाही. आणि एका प्रसंगी मावळत्या प्रकाशात खडकावर पडलेली स्वतःचीच प्रचंड सावली त्याला आई वाटते. ते आनंदाने धावत सुटते. जसजसे जवळ जावे तसतशी ती सावली लहान होत जाते, आणि खडकाशी पोहोचल्यावर तेथे केवळ पिल्लाएवढे पिल्लू उरते. संवादाचा आधार न घेता मुलांना वियोग समजावून सांगणारे इतके नेमके दृश्य बालचित्रपटांत क्वचितच आढळेल.

डॉन ब्लूथ यांनी १९७९ मध्ये डिस्ने सोडून सहकाऱ्यांसह स्वतंत्र काम आरंभिले होते आणि हा चित्रपट त्यांच्या डब्लिन येथील स्टुडिओत हाताने चितारला गेला. निर्मितीमागे स्टीव्हन स्पिलबर्ग आणि जॉर्ज लुकास होते. काही दृश्ये मुलांना झेपणार नाहीत, या चिंतेपोटी तयार चित्रपटातील सुमारे दहा मिनिटांचा भाग कापण्यात आला आणि उरला अवघ्या ६९ मिनिटांचा चित्रपट. ही कात्री सर्वस्वी अन्याय्य होती असे म्हणता येणार नाही. कापला गेला तो बहुतांशी शार्पटूथच्या हल्ल्याचा आणि संकटांचा भाग होता, आईचा मृत्यू राहिला. भीती कमी केली गेली, दुःख नव्हे. दोहोंतला हा भेद निर्मात्यांनी जाणला, हे महत्त्वाचे.

पुढे तो भेदही लोपला. १९९४ ते २०१६ या काळात या चित्रपटाचे तेरा उत्तरभाग निघाले, तेही मुख्यत्वे घरगुती व्हिडिओच्या बाजारपेठेसाठी. ब्लूथ, स्पिलबर्ग वा लुकास यांचा त्यांत सहभाग नव्हता. वाणिज्याच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. ओळखीची पात्रे, चित्रगृहातील प्रदर्शनाची जोखीम नाही, आणि वेष्टनावरील पिल्लाचे चित्र पाहून आई-वडील निःशंकपणे खरेदी करतात. गाणी आली, गमती आल्या, साहसेही आली. परंतु पहिल्या चित्रपटातील शोकाची ती खोली काही परत आली नाही. आई-वडिलांना निश्चिंत ठेवणारा माल, एवढेच त्यांचे वर्णन करता येईल. तरीही ज्याच्या आठवणीने आज चाळिशीला पोहोचलेली माणसे हळवी होतात, तो चित्रपट पहिलाच आहे.

हा विषय केवळ चित्रपटापुरता नाही. मयत खातेदारांच्या दाव्यांचे काम पाहणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांना एक दृश्य अपरिचित नसावे. मृत्यूचा दाखला आणि ओळखीचा पुरावा घेऊन एखादी स्त्री समोर बसलेली असते, सोबत सात-आठ वर्षांचे मूल. ‘मयत’ हा शब्द उच्चारताना अधिकारी आवाज खाली आणतो. ती डोळ्यांनीच मुलाकडे खूण करते. बाबा कामासाठी दूर गेले आहेत, असे त्याला सांगितलेले असते. मूल दोरीला बांधलेल्या पेनाशी खेळत असते, आणि टेबलावरच्या दाखल्यावरील नाव त्याला वाचता येत असते.

त्या मातेला दोष कोण देईल? स्वतःचे दुःख आवरता आवरता मुलाचे प्रश्न झेलण्याचे बळ प्रत्येकाकडे नसते. पण आजी देवाघरी गेली, आजोबा गावाला गेले, या उत्तरांनी मुलाचे प्रश्न थांबतात ते समाधान झाले म्हणून नव्हे. मोठ्यांना विचारलेले आवडत नाही, हे त्याला उमगते म्हणून. मग लिटलफूटप्रमाणेच ते दोष शोधू लागते. आपण हट्ट केला म्हणून तर नाही ना, असा विचार एकट्याने करीत बसते. त्याच्याजवळ रूटर नसतो.

चित्रपट काही रूटरची जागा घेऊ शकत नाही. फार लहान मुलांना शार्पटूथचे जबडे खरोखरच भेडसावतात. त्यांच्या बाबतीत दोन-चार वर्षे थांबणे इष्ट. ज्या घरात नुकतेच कोणी गेले असेल, तेथे मुलाचा कल पाहूनच निर्णय घ्यावा. इतरांनी मात्र हा चित्रपट मुलाला एकट्याने पाहायला लावून स्वयंपाकघरात वा फोनवर गुंतू नये. आईच्या मृत्यूचा प्रसंग सुरुवातीच्या भागातच येतो. तेवढ्या वेळापुरता चहा थांबला तरी चालेल.