रक्तदाब मोजला जातो, मग श्वास का नाही?

चाळिशी ओलांडलेल्या शहरी माणसाला आपला रक्तदाब आणि रक्तातील साखर किती, हे बहुधा तोंडपाठ असते. आपल्या फुफ्फुसांतून एका सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे मात्र जिना चढताना धाप लागणाऱ्यालाही ठाऊक नसते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी पाळल्या गेलेल्या जागतिक सीओपीडी दिनाचे सूत्र 'आपल्या फुफ्फुसांची कार्यक्षमता जाणून घ्या' असे होते. श्वसनविकारांच्या उपचारांतील एका मोठ्या उणिवेवर त्याने बोट ठेवले आहे.

सीओपीडी म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा आणि फुफ्फुसांतील वायुकोश झिजत जाण्याचा विकार. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातील सीओपीडीच्या रुग्णांची संख्या १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होती. २०१६ मध्ये ती ५ कोटी ५३ लाखांवर गेली. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के. दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे होणारे अकाली मृत्यू आणि अपंगत्व यांच्या भारात मात्र तो ३२ टक्के आहे.

यामागे केवळ विडी-सिगारेट नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मधील लेखात धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीकडे लक्ष वेधले होते. चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ, पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग ही त्याची कारणे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस पोहोचला. पण त्याआधी वर्षानुवर्षे फुंकणीने चूल पेटविणाऱ्या बाईच्या फुफ्फुसांचे झालेले नुकसान त्याने भरून निघत नाही. कधीही विडी न ओढलेल्या अशा बाईचा खोकला मग 'वयाचा' किंवा 'हवेचा' ठरतो.

दोन आकड्यांची चाचणी

या विकाराचे निदान पक्के करणारी चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री. जॉन हचिन्सन या इंग्लिश डॉक्टरने १८४६ मध्ये स्पायरोमीटरची माहिती प्रसिद्ध केली, म्हणजे हे तंत्र पावणेदोनशे वर्षांचे आहे. रुग्णाने छातीभर श्वास घ्यायचा आणि नळीत जोराने, फुफ्फुसे रिकामी होईपर्यंत फुंकायचे. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि एकूण बाहेर पडलेली हवा, हे दोन आकडे महत्त्वाचे. श्वासमार्ग रुंदावणारे औषध दिल्यानंतरही त्यांचे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी भरले, तर मार्गात कायमचा अडथळा आहे असे मानले जाते.

स्टेथोस्कोपने हे कळत नाही. सुरुवातीच्या अवस्थेत छातीचा एक्स-रे सर्वसाधारण असू शकतो. करोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही येथे उपयोगी नाही, कारण विकार बराच पुढे जाईपर्यंत रक्तातील प्राणवायूचे प्रमाण टिकून राहू शकते.

अंदाजाने होणाऱ्या उपचारांची किंमत रुग्ण मोजतो. दमा आणि सीओपीडी यांची लक्षणे सारखी वाटली तरी उपचार भिन्न आहेत. दम्यात श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड हा उपचाराचा पाया आहे. सीओपीडीत मुख्य भर श्वासमार्ग रुंदावणाऱ्या औषधांवर असतो आणि अनावश्यक स्टेरॉइडमुळे न्यूमोनियाचा धोका वाढतो.

अडचण यंत्राची नव्हे

स्पायरोमीटर आता हातात मावण्याइतके लहान झाले आहेत. खरी अडचण ती चाचणी नीट करून घेणाऱ्या प्रशिक्षित माणसाची आहे. रक्तदाब रुग्ण स्वस्थ बसला असतानाही मोजता येतो. येथे त्याला सर्व बळ लावावे लागते. किमान तीन प्रयत्न निर्दोष व्हावे लागतात आणि त्यांतील सर्वोत्तम दोहोंत १५० मिलिलिटरपेक्षा अधिक फरक चालत नाही. औषध देऊन पुन्हा चाचणी घ्यायची, तर मध्ये १०-१५ मिनिटे थांबावे लागते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात इतका वेळ कोण देणार?

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. आकडा कमी की पुरेसा, हे वय, उंची आणि लिंग यांवरून काढलेल्या अपेक्षित मूल्याशी ताडून ठरते. २०१२ मध्ये तयार झालेल्या जागतिक सूत्रांत भारतीय उपखंडासाठी स्वतंत्र सूत्र नव्हते. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशभेद न करणारे एकच सूत्र वापरण्याची शिफारस केली. यंत्रात कोणते सूत्र भरले आहे, यावर त्याच रुग्णाचा विकार सौम्य की मध्यम, हे बदलू शकते.

सरकारी यंत्रणेत सुरुवात झाली आहे, पण अर्धीच. तिशीवरील नागरिकांच्या तपासणीत रक्तदाब, मधुमेह आणि मुख, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचा समावेश आहे. आशा कार्यकर्तीच्या प्रश्नावलीत स्वयंपाकाचे इंधन कोणते आणि धाप लागते का, हेही विचारले जाते. २०२३ च्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही सीओपीडीला स्थान आहे. मात्र 'होय' असे उत्तर देणाऱ्या बाईला फुंकण्याची नळी कोठे मिळेल, हा प्रश्न उरतोच.

सरसकट सर्वांची चाचणी करावी, असे कोणी म्हणत नाही. धाप, जुना खोकला किंवा धुराचा इतिहास असलेल्यांची तरी ती व्हावी, एवढीच अपेक्षा आहे. 'गोल्ड' या जागतिक उपक्रमाच्या २०२५ च्या अहवालाने वाट थोडी सोपीही केली आहे: औषध देण्यापूर्वीच्या चाचणीत गुणोत्तर ०.७० किंवा अधिक आले, तर बहुतेकांना दुसऱ्या फेरीची गरज नाही. तालुक्याच्या रुग्णालयात एक यंत्र आणि ते रोज तपासून चालविणारा एक तंत्रज्ञ, हा खर्च मोठा नाही. झिजलेले फुफ्फुस पूर्ववत करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही, हे लक्षात घेतले तर तो फारच थोडा आहे.